बसून राहण्याचा नवस

फोन आला तेव्हा मी डहाणूच्या बाजारात बोंबील घेत होते. प्राजक्ताचा फोन, म्हणजे वनिताच्या सुनेचा. "मावशी, आई गेल्या..." एवढंच म्हणाली आणि पुढे नुसतं रडणं. मी पाटीसमोर तशीच उभी राहिले. मासे विकणारी बाई ओळखीची, माझ्या तोंडाकडे बघून तिने विचारलं, कोण गेलं गो बाय? म्हटलं, चिखल्याची वनिता, माझी शाळेपासूनची मैत्रीण. "ती कॅन्सरवाली? सुटली बिचारी," असं म्हणून तिने बोंबील पिशवीत टाकले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "अगं, कॅन्सर केव्हाच बरा झाला होता तिचा!" तर ती म्हणते, "मग परत आला असेल. तो सोडतो का कुणाला?" भर बाजारात तिच्याशी भांडणार होते, पण रिक्षावाला हॉर्न मारत होता, आणि भांडून तरी कुणाला काय पटणार होतं...

चिखल्याला पोचले तर तिथेही तेच. ओटीवर बसलेल्या बायका, अंगणात उभे असलेले पुरुष, सगळ्यांच्या तोंडी एकच, कॅन्सरने गेली. दाखल्यावर डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं लिहिलं होतं, पण दाखला वाचतो कोण! एकदा का बाईला कॅन्सर झाला की पुढे तिला विंचू चावला तरी लोक म्हणणार, कॅन्सरने गेली. महिना होऊन गेला, अजूनही मला रस्त्यात थांबवून लोक हेच बोलतात. म्हणून हे लिहायला बसलेय. वनिता कॅन्सरने गेली नाही. तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलं, आणि त्या जपण्याने ती गेली.

आम्ही दोघी घोलवडच्या शाळेत एका बाकावर. मी पुस्तकातली, ती पायांची. शाळा सुटली की सुरूच्या बनातून वाळूवरून घरी जायचो, तेव्हा ती इतकी भराभर चालायची की मला पोटात कळ यायची. "चल गं म्हातारे," असं ओरडायची आणि पुढे जाऊन माझ्यासाठी थांबायची, पण मी पोचले रे पोचले की पुन्हा सुटायची. दम खाऊ द्यायची नाही मेली! पुढे मी मास्तरीण झाले, तलासरीकडे नोकरीला लागले, आणि तिचं लग्न भास्करभाऊंशी झालं. चिखल्यात चिकूची वाडी होती त्यांची. भास्करभाऊ देवमाणूस. हे मी उपरोधाने लिहीत नाहीये. उभ्या आयुष्यात बायकोवर आवाज चढवला नाही त्यांनी. वाडी मात्र खऱ्या अर्थाने वनिताने चालवली. पहाटे तोडणीवाल्यांच्या आधी ती झाडाखाली. उतरवलेले चिकू धुवायचे, आकाराप्रमाणे वेगळे करायचे, खोक्यात भरायचे, या सगळ्यात ती उभी. बसून काम करणं तिला जमायचंच नाही. पदर खोचलेला, हाताला चिकूचा चीक, आणि तोंडाचा पट्टा चालू. उंबरगावचा व्यापारी माल न्यायला यायचा, तो तिला टरकून असायचा. खोक्यात वर मोठे आणि खाली बारके चिकू भरायची इतरांची रीत तिला चालायची नाही, आणि त्याने भाव पाडून मागितला तर ती भरलेलं खोकं स्वतः उचलून टेम्पोतून खाली ठेवायची.

छातीतली गाठ तिला स्वतःलाच लागली, आंघोळ करताना. लपवली नाही, लगेच सांगितली. मुंबईला ऑपरेशन झालं, उजव्या बगलेतल्या गाठी काढल्या, केमो झाली, रेडिएशनचे शेक दिले, नंतर रोज घ्यायच्या गोळ्या सुरू झाल्या. केस गेले तेव्हा मला म्हणाली, "बरं झालं बाई, तेलाचा खर्च वाचला." त्या सगळ्यातून ती बाहेर आली. आली हो, खरंच आली! डॉक्टरीणबाईंनी तिला समोर बसवून नीट सांगितलं होतं, मी तिथेच होते. "काकू, कॅन्सरचं आम्ही बघितलं. आता हृदय आणि हाडं तुम्ही बघायची. केमोतल्या एका औषधाने हृदय दमतं, आणि या गोळ्यांनी हाडं विरळ होतात. तेव्हा रोज चालायचं, भरभर, घाम येईपर्यंत. थोडंथोडं वजन उचलायचं. उन्हात जायचं, नाचणी, दूध, मासे खायचे, पण लोणचं-पापड नि सुकी मासळी कमी. वजन वाढू द्यायचं नाही. उजवा हात जपून वापरायचा." इतकं स्पष्ट! यातला 'जपून' एवढाच शब्द चिखल्याला पोचला. 'वापरायचा' हा विरारलाच उतरून गेला असावा.

कारण तोवर नवस बोलून झाला होता. ऑपरेशन चालू असताना भास्करभाऊ हॉस्पिटलच्या गॅलरीत उभे राहिले, आमच्या डहाणूच्या महालक्ष्मीच्या गडाची दिशा कुठली हे एका वॉर्डबॉयला विचारून तिकडे तोंड केलं, आणि हात जोडून देवीला म्हणाले, "आई, हिला वाचव. पुन्हा हिला कामाला हात लावू देणार नाही. बसून राज्य करील ती." आमच्याकडे नवस नवा नाही. कुणी कोंबडा बोलतो, कुणी साडीचोळी, कुणी गडावर चालत येईन म्हणतो. ते फेडता येतात. साडी दिली, कोंबडा दिला, संपलं. पण हा नवस कधीच फिटायचा नव्हता. ती जिवंत आहे तोवर तो पाळायचा होता. आणि भास्करभाऊंनी तो सगळ्या गावाला सांगितला. बायकांनी डोळ्याला पदर लावले. नवरा असावा तर असा, म्हणाल्या. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं तेव्हा.

घरी आल्याआल्या तिच्यासाठी मऊ गाद्यांची आरामखुर्ची आली, पाय वर करून बसायची. ती ओटीवर ठेवली. वनिता त्यात बसायची आणि गाव तिला बघायला यायचं. येणारा प्रत्येक जण काहीतरी खायला घेऊन यायचा. अंगात भरलं पाहिजे, ताकद आली पाहिजे! शिरा, लाडू, तुपातली खीर, बोर्डीहून कुणी मिठाई, उंबरगावचा तो व्यापारीसुद्धा फरसाणाचे पुडे घेऊन आला आणि हात जोडून म्हणाला, "बेन, हवे तमे बेसो, अमे करीए छीए." म्हणजे, आता तुम्ही बसा, आम्ही करतो. ज्या बाईला तो टरकून असायचा, ती खुर्चीत बसून फरसाण खातेय, हे बघून त्याला किती बरं वाटलं असेल! ती पाणी प्यायला उठली की प्राजक्ता धावायची. खाली पडलेली पेन्सिल उचलायला वाकली की निलेश ओरडायचा, आई! तिचाच मुलगा, पण सांगतो कसा, "आई, बाबांनी देवीला शब्द दिलाय ना." वनिता मला म्हणायची, "सुधे, आजार माझा, देवी माझी, आणि बोलला हा माणूस. मला कुणी विचारलं का?"

तपासणीच्या दिवशीचा प्रसंग मी विसरणार नाही. डॉक्टरीणबाईंनी हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट बघितला, वजन बघितलं, रक्तदाब बघितला आणि कपाळाला आठी घातली. "काकू, चालता की नाही?" वनिता काही बोलायच्या आत भास्करभाऊ छाती पुढे काढून म्हणाले, "डॉक्टर, काडी उचलू देत नाही आम्ही हिला!" डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी पुन्हा सगळं समजावलं, अगदी लहान मुलाला समजवावं तसं. बसून राहिलं तर हाडं पापडासारखी होतील, साध्या ठेचेने मोडतील, वजन वाढलं तर आधीच दमलेल्या हृदयावर भार येईल. भास्करभाऊ प्रत्येक वाक्याला हो हो म्हणत होते. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "शिकलेली आहे पोरगी. पण तिला देवीचं काय माहीत?"

त्या दिवशी बाहेर बाकावर तलासरीकडच्या एका पाड्यावरची बाई बसली होती. मी शिकवायचे त्याच भागातली, म्हणून बोलणं निघालं. तिचंही हेच ऑपरेशन झालेलं. आता काय करतेस, विचारलं तर म्हणाली, "काय करू बाय, भाताची लावणी केली. न करून खाऊ काय?" तिच्या नशिबाचा हेवा करावा असं काही नव्हतं त्यात. पायात चप्पल नव्हती, औषधाला यायचं तर त्या दिवसाचा रोज बुडायचा. पण वनिता तिच्या दंडाकडे टक लावून बघत राहिली. परतीच्या गाडीत म्हणाली, "तिच्यासाठी कुणी नवस बोललं नाही गं. सुटली."

मग मी ठरवलं की हिला चालवायचंच. निवृत्त झाले होते, वेळच वेळ. सकाळी डहाणूहून यायचे आणि भास्करभाऊंना सांगायचे की देवळात जाऊन येतो दोघी. देवळाला काय, कुणी नाही म्हणत नाही. देवळाच्या मागून सरळ किनाऱ्यावर. पहिल्या दिवशी ती सुरूच्या झाडांपर्यंतही पोचली नाही, धापा टाकत वाळूतच बसली, आणि जोरजोरात हसायला लागली. "बघ म्हातारे, आता तू थांब माझ्यासाठी!" पुढेपुढे जमायला लागलं. घोलवडच्या बाजूला बरंच लांब जायचो. येताना ती ओल्या वाळूने भरलेली पिशवी डाव्या हातात, मग थोडा वेळ उजव्या हातात घ्यायची. चेहऱ्यावर तरतरी आली. भूक लागते म्हणाली, झोप लागते म्हणाली. माझ्याशी पुन्हा कचाकचा भांडायला लागली, तेव्हा मला खात्री पटली की आता ही बरी होणार.

आमच्या गावात वाईट बातमी पायी जात नाही, तिला पंख असतात. भास्करभाऊंच्या एका चुलतभावाने तिला किनाऱ्यावर पाहिलं आणि चहाच्या टपरीवर चारचौघांत विचारलं, "काय रे भास्कर, नवस बोललास ना? बायको तर तुझी किनाऱ्यावर पळतेय." त्यात योग असा आला की त्याच आठवड्यात वनिताला ताप भरला. साधा ताप हो! घरोघरी तापाची साथ होती, निलेशला आला होता, मला आला होता. पण तिचा ताप वेगळा ठरला. देवीने इशारा दिला. भास्करभाऊ ओरडले असते, भांडले असते, तर वनिता त्यांना पुरून उरली असती. ते रडले. सगळ्यांसमोर तिच्या पायावर डोकं ठेवलं त्यांनी आणि म्हणाले, "मी तुझ्या पाया पडतो, बस. माझ्यासाठी बस." आता रडणाऱ्या माणसाशी कसं भांडायचं, सांगा. ती बसली. त्यानंतर माझ्याबरोबर देवळात जायचं म्हटलं की सोबत प्राजक्ता यायची.

तरी मी एक शेवटचा प्रयत्न केला. गडाच्या पायथ्याच्या एका पाड्यात एक म्हातारा भगत होता, नवसाचं विचारायला लोक त्याच्याकडे जायचे. वनिताला आणि प्राजक्ताला घेऊन त्याच्याकडे गेले. म्हटलं, बाबा, नवस उलटा फिरलाय, ज्या जिवासाठी बोलला त्याच जिवाला खातोय, सोडवायचा कसा? त्याने सगळं ऐकून घेतलं. वनिताकडे बघून म्हणाला, "आई काय कुणाला बसवून मारत नाही. पण बाय, ज्याने बोलला त्यानेच सोडवाया हवा. नारळ घेऊन येऊ दे, चूक झाली म्हणू दे, झालं." इतकं सोपं! एक नारळ! येताना वनिताने गाडीत माझा हात घट्ट धरला होता. प्राजक्तासुद्धा म्हणाली, मावशी, बाबांना तुम्हीच सांगा.

मी सांगितलं. ओटीवर, तिच्या खुर्चीसमोर उभी राहून. भास्करभाऊंनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली. "नाही सुधाताई. देवीने तिचा शब्द पाळला. मी माझा मोडू?" म्हटलं, अहो भाऊ, डॉक्टर सांगतात, भगतसुद्धा सांगतो, ती स्वतः सांगतेय, आणखी कुणी सांगायचं? तर म्हणाले, "आणि मी नारळ फोडून आलो, आणि परत गाठ आली, तर? तुम्ही घेणार तो दोष?" वनिता पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडली. "गाठ यायची तर येऊ दे! मला चालत मरू दे!" भास्करभाऊंचा चेहरा पांढराफटक पडला. "असं अभद्र बोलू नकोस," एवढंच म्हणाले आणि देवघरात जाऊन दिवा लावून आले. माणूस वाईट असता तर बरं झालं असतं. मला त्याचा मनसोक्त राग तरी करता आला असता. तसा तो मी करतेच, पण त्यात कुठेतरी त्यांचा तो पांढरा चेहरा येतो.

पुढचं सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तसंच झालं. वजन वाढलं, पाय सुजायला लागले, दोन उशा घेतल्याशिवाय झोप येईना. रक्तदाबाची गोळी आली, मग साखरेची. आणि एका सकाळी मोरीच्या उंबऱ्याला पाय लागून ती पडली. आपण सगळेच असे पडतो, उठतो, गुडघा चोळतो. तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन करायचं तर हृदय साथ देईना, न करावं तर अंथरुणातून उठणं नाही. वापीच्या हॉस्पिटलात मी तिला भेटायला गेले तेव्हा नाकाला नळी होती. "मास्तरीण," म्हणाली, "माझे पाय गार पडलेत, जरा चोळ ना." मी चोळत बसले. शाळेतून येताना वाळूवर उमटायचे ते पाय... सुजून ओळखू येत नव्हते. दुसऱ्या दिवशी बाजारात फोन आला.

गेल्या आठवड्यात चिखल्याला गेले. जायचं मनात नव्हतं, पण प्राजक्ताचा फोन आला की आईंच्या साड्यांतली एखादी मावशींनी घ्यावी. वनिताच्या मागच्या खोलीत रंग काढायचा म्हणून निलेशने कपाट आणि पलंग मधोमध ओढून ठेवले होते. भिंती पहिल्यांदाच मोकळ्या दिसल्या. कमरेच्या जरा वर, हात टेकेल इतक्या उंचीवर, भिंतीवर एक मळकट तेलकट पट्टा होता. कपाट-पलंगाच्या जागी तुटायचा, खिडकीशी, दाराशी तुटायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. साऱ्या खोलीभर, आणि जिथे वळावं लागतं त्या कोपऱ्यांत अगदी काळपट. भास्करभाऊ माझ्या मागोमाग आत आले. "ओल आलीय बघा," म्हणाले, "पेंटर म्हणतो आधी ती मारावी लागेल."

मी त्या पट्ट्यावर हात ठेवला. प्राजक्ताला विचारलं, आई दुपारी काय करायच्या गं? म्हणाली, "झोपायच्या. आतून कडी लावून. आवाज नको म्हणायच्या." मग तिचं तिलाच कळलं आणि तिने तोंडावर हात ठेवला. मलाही वनिता काही बोलली नव्हती. सगळं घर झोपलं की ही बाई कडी लावायची आणि भिंत धरून या खोलीत फिरत राहायची. पडायला नको, म्हणून भिंत धरून. पायांचा आवाज यायला नको, म्हणून अनवाणी. जगायचं होतं हो तिला, इतकं जगायचं होतं! मी म्हटलं, "भाऊ, ओल नाही ही. वनिताचा हात आहे. रोज दुपारी चालत होती ती इथे."

भास्करभाऊ भिंतीजवळ गेले. त्या पट्ट्यावरून बोट फिरवत एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत गेले. मला वाटलं, आता हा माणूस कोसळणार. खरं सांगते, मला तो कोसळायला हवा होता. "चालत होती?" त्यांनी विचारलं. म्हटलं, हो. "रोज?" हो. मग त्यांनी एक मोठा श्वास सोडला, महिनाभर उरावर असलेलं ओझं उतरावं तसा, आणि खिडकीतून गडाच्या दिशेला हात जोडले.

"रोज विचार करत होतो, सुधाताई," ते म्हणाले, "इतकं पाळूनही आमचं चुकलं कुठे. तरीच..."